घासलेला हात
नव्या खोडरबराचा वास आला की मला सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातला आमचा जुना फ्लॅट आठवतो. नव्वदच्या दशकात आम्ही शाळेतल्या काही शिक्षिका रविवारी दुपारी तिथे जमायचो आणि आपापल्या गोष्टी सांगायचो. घानाहून आलेली आमची कृष्णवर्णीय मैत्रीण मात्र गप्पच असायची. एकदा कपातला चहा निवत असताना ती अचानक म्हणाली, “परवा वर्गात एका चिमुरडीने माझा हात खोडरबराने घासला. रंग जातो का, ते बघत होती.” “मग तू काय केलंस?” मी विचारलं. “आग व्हायला लागली, तरी हात तसाच ठेवला.” आमच्यातल्या वयस्कर तमिळ बाईंनी तो हात आपल्या हातात घेतला. “उद्या त्याच मुलीला वाचायला शिकवायचंय,” मैत्रीण पुटपुटली. सोमवारी आम्ही सगळ्या तिला वर्गापर्यंत सोडायला गेलो. दार उघडण्याआधी त्या उकाड्यातही तिने बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या. ते मला अजून दिसतं.