आलं ठेचून होईपर्यंत

बाबा खांदा कॉलनीतल्या हॉस्पिटलात बेशुद्ध होते, तेव्हा समोरच्या टपरीवर मी दिवसातून पाच-पाच वेळा चहाला जायचो. टपरीवरच्या मावशींचं नाव काही मी विचारलं नाही.

चहाची पावडर त्या कधी उकळायच्या नाहीत. दूध-पाणी उकळलं की गॅस बंद, मग पावडर आणि वर ताटली. लगेच पुढच्या चहाचं आलं ठेचायला घ्यायच्या. ते ठेचून झालं की चहा झाला, हेच त्यांचं घड्याळ. “बसा ना,” म्हणायच्या, पण मला बसवायचं नाही. टपरी ते गेट, गेट ते टपरी, नुसत्या येरझारा.

एकदा न राहवून मीच ताटली उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, पुन्हा झाकली आणि आल्याचा नवा तुकडा ठेचायला घेतला.

“आता पयल्यापासून. सारकं उघडून बगायचं नाय. झाकलेलं हाय तवरच चव उतरते.”

मला संताप आला. वर डॉक्टरही तेच सांगत होते, थांबा.

चौथ्या दिवशी चहा झाकलेला असतानाच नर्सनं गेटातून हाक मारली. मी धावलो. परतलो तेव्हा ताटली तशीच होती.

“बाबांनी डोळे उघडले,” मी म्हणालो.

मावशींनी तो चहा ओतून टाकला. “कडू झाला आता. नवा टाकते.”

मी बाकड्यावर बसलो. आलं कधी ठेचून झालं, मला कळलंच नाही. चहा घ्या म्हणून त्यांनाच दोनदा हाक मारावी लागली.