कंपनीच्या बसमधली हजेरी

"हजेरी म्हणजे समोर बसणं. फोनमध्ये तोंड दाखवणाऱ्याला मी विद्यार्थी मानत नाही," विभागप्रमुख मॅडम ओरडत होत्या. इतक्या, की खिडकीतली कबुतरं उडाली ती थेट पैठणला जाऊन धरणाच्या भिंतीवर बसली.

भांडण माझ्या एका विद्यार्थिनीवरून होतं. ती चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला. माझा एम.ए.चा अर्थशास्त्राचा तास आणि दुपारच्या पाळीची तिची बस, दोन्हींची वेळ एकच. बिचारी बसमध्ये कानाला इअरफोन लावून तास ऐकायची, प्रश्नही विचारायची. कोरोनानंतर थोडं वर्गात, थोडं ऑनलाइन शिकवायचं, हे आमच्याच विद्यापीठानं मोठ्या थाटात जाहीर केलेलं. पण मॅडम तिची हजेरी लावू देईनात. हजेरी नाही तर परीक्षा नाही. म्हणजे पोरीचं अख्खं वर्ष पाण्यात.

"म्हणजे जो मास्तरासमोर, तोच हजर?" मी विचारलं.

"तोच."

"बरं," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी क्रांती चौकात मी तिच्या बसमध्ये चढलो. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, ये कंपनी की बस है."

"मालूम है. मेरी क्लास है."

त्यानं माझ्या हातातला खडू बघितला आणि वेड्याच्या नादी कोण लागतं म्हणून गिअर टाकला. दांड्याला लोंबकळत मी मागणी-पुरवठा शिकवला. खड्डा आला की मागणी वर, ब्रेक लागला की पुरवठा खाली. आवाज असा लागला होता की जालना रोडवरच्या रिक्षांनी लाजून हॉर्न बंद केले. बाकीचा वर्ग तिकडं विभागात बसून मला फोनवर बघत होता.

परत येऊन मी हजेरी लावली. ती एकटी हजर, बाकी सगळे गैरहजर.

"अहो, पोरं वर्गात बसली होती," मॅडम म्हणाल्या.

"बसली असतील. माझ्यासमोर नव्हती."

"उद्याही हेच करणार तुम्ही?"

"वर्ष संपेपर्यंत. ड्रायव्हरलाही पदवी देऊन टाकू."

मॅडमनी हजेरीपट माझ्याकडं सरकवला. मग म्हणाल्या, "लावा. फोनवरच्यांचीही लावा."

मी किल्ला जिंकल्यासारखा त्या पोरीला फोन केला. सगळी लढाई थोडी वाढवून, म्हणजे लई वाढवून, सांगितली.

"बरं झालं सर," ती म्हणाली. "पण उद्या बसमध्ये येऊ नका. बायांना झोपायचं असतं."