पेपरात आहे तेवढंच जग

बँकेच्या परीक्षांना वर्षानुवर्षं बसलं की नोकरी जमेलच असं नाही, किस्से मात्र जमतात. माझ्याकडे पोतंभर आहेत. तिखटमीठ माझं, पण नापास होणं शंभर टक्के खरं!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अंबरनाथच्या बुवापाड्यात, बुद्धविहाराच्या ओट्यावर आमचा अभ्यास चाले. मी, मिलिंद, सुनंदा आणि उल्हासनगरहून सायकल मारत येणारा हरेश. मिलिंदची ही शेवटची संधी. वयातल्या सवलतीची वर्षंही संपत आलेली, बाबांच्या कारखान्याला टाळं, घरात कमावतं कुणीच नाही.

रविवारी बदलापूरचे प्रधान सर फुकट शिकवायला येत. गणित, इंग्रजी आम्ही कसंबसं निभावायचो. मुडदा पडायचा तो रीझनिंगमध्ये, म्हणजे तर्काच्या प्रश्नांत! प्रश्न इंग्रजीत, आमची भांडणं मराठीत. सर कपाळ धरून म्हणायचे, "पेपरात आहे तेवढंच जग! तुमचं घर, तुमचा पाडा चपलांबरोबर बाहेर काढून या!"

*

प्रश्न : शहरात पाणीटंचाई आहे. काय करावं? एक, नगरपालिकेला कळवावं. दोन, पाणी जपून वापरावं.

सुनंदाचं उत्तर, "दोन्ही नाही."

"अगं, का?"

"कळवून कळवून माझी आजी गेली, सर. आणि जपून वापरायला आधी नळाला यायला नको का?"

सरांनी उत्तर चूक ठरवलं. नंतर तांब्या पुढे करून प्यायला पाणी मागितलं. सुनंदाने तोच तांब्या पालथा करून दाखवला!

*

हरेशच्या वडिलांचं उल्हासनगरात रेडिमेड कपड्यांचं दुकान. प्रश्न आला : शाळेत गणवेश सक्तीचा असावा का? हो, सगळी मुलं सारखी दिसतात. नाही, गरिबाला खर्च पडतो. सबळ मुद्दा कोणता?

"दोनों स्ट्राँग!" हरेश म्हणाला. "गिऱ्हाईक युनिफॉर्म मागायला आलं तर पहिला. नाही आलं तर दुसरा. पप्पा रोज दोन्ही बोलतात!"

*

मिलिंदचं दुखणं वेगळं.

"सर्व कारखाने धूर सोडतात. 'क' हा कारखाना आहे. म्हणून 'क' धूर सोडतो. निष्कर्ष निघतो?"

"नाही, सर. आमच्या बाबांचा कारखाना कुठे सोडतो?"

"अरे, तो बंद आहे! कागदावर काय आहे ते बघ!"

"कागदावर तर तो अजून चालूच आहे, सर. म्हणून तर बाबांना हिशोबाचे पैसे मिळत नाहीयेत!"

सर त्या दिवशी लवकर घरी गेले.

*

एकदा सरांनी मुद्दा दिला, "स्पर्धा परीक्षेसाठी क्लास लावावा. हो, कारण मार्गदर्शनाने यश मिळतं. सबळ की दुर्बळ?"

हरेशने आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं.

"वीक, सर. एकदम वीक!"

सरांनी पुस्तक मिटलं. "शाब्बास. आज पहिल्यांदा बरोबर आलं."

*

शेवटच्या परीक्षेचं सेंटर उल्हासनगरच्या एका शाळेत होतं. पेपरात उतारा आला. एक कारखाना बंद पडतो. मालक म्हणतो, उत्पादन घटलं होतं, गैरहजेरी वाढली होती. खाली निष्कर्ष : तिथले कामगार कामचुकार होते. निश्चित सत्य, बहुधा सत्य, माहिती अपुरी, वगैरे पर्याय. हवा तो गोल पेन्सिलीने काळा करायचा.

सुटल्यावर जिन्यात मी मिलिंदला गाठलं. "त्या कामगारांचं काय केलंस रे?"

"बहुधा सत्य."

"खरंच?"

"पेपर काढणाऱ्यांना तेच हवं असणार ना! सोड."

प्रधान सरांनी त्याला मिठी मारली असती. मिलिंद मात्र बोटाला लागलेलं शिसं पँटला पुसत होता.

फाटकाशी त्याचे बाबा डबा घेऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून, जणू परीक्षा त्यांचीच.

"कसा गेला रे?"

"बरा."

"आलं काय होतं?"

मिलिंद डब्याचं झाकण उघडत बसला. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "काका, बंद पडलेल्या कारखान्यावर होतं!"

बाबांचा चेहरा असा उजळला की बोलायची सोय नाही. त्यांनी मिलिंदच्या पाठीत धपाटा घातला.

"मग कसली काळजी, येड्या! घरचाच विषय!"