पट्टेरी पोशाखातले मामा

तुळजापुरात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला, भर उन्हात, पांढऱ्यावर निळे पट्टे असलेला पायजमा आणि त्याच कापडाचा ढगळ कोट घालून एक माणूस बायकांना बांगड्या भरत बसलेला असे. ते माझे मामा. कोटाच्या काठाला निळी गोट, छातीवर खिसा आणि खिशात चुन्याची डबी. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आज पोरं असल्या कपड्यांत बाजारात जातात आणि आई वर हातात पिशवी देते. पण मी सांगतेय ते निजामाच्या राज्यातलं. तेव्हा धोतरवाल्यांना पायजमा सरकारी वाटायचा आणि शेरवानीवाल्यांना घरगुती. नुसत्या पायजम्यावर उंबरा ओलांडणारा माणूस एक तर आजारी समजला जाई, नाहीतर वेडा. मामा ठणठणीत होते. वेडे होते की नाही, ते तुम्हीच ठरवा.

आम्ही कासार. माझे वडील मी पाळण्यात असतानाच गेले, आई माहेरी आली आणि दोन वर्षांत तीही गेली. मग मामा आणि मामी हेच माझे आईबाप. मामांच्या हातात जादू होती. काकण कितीही लहान असो, बाई कितीही कष्टकरी हाताची असो, तिला कळायच्या आत ते मनगटात गेलेलं असे. तेवढ्या वेळात मामा तिला बोलण्यात गुंतवत. "हात सैल सोड गं बाये. आसा आवळून धरलास तर काकण फुटंल आन वर मलाच शिव्या देशील." हे वाक्य ते आमच्या घरातही वापरत. मामी रागावली की म्हणत, "हात सैल सोड." मामी आणखी रागवायची.

माझं लग्न ठरलं ते तेरच्या एका मास्तरांशी. मुलगा चांगला, उर्दू शिकलेला, शांत. सासरे मात्र भलतेच मानी. याच मुलाचं आधी ठरलेलं एक लग्न त्यांनी मांडवातून मोडलं होतं, का तर नवरदेवाला दिलेला फेटा नेसूच्या लुगड्याच्या कापडाचा आहे असा त्यांना संशय आला म्हणून. या सासऱ्यांनी निरोप धाडला की आमचा मुलगा शिकलेला आहे, त्याला धोतर-उपरणं चालणार नाही. सीमांतपूजनाला साहेब लोक घालतात तसा पोशाख द्या. कोट आणि पाटलोण एकाच कापडाचे पाहिजेत. मामा म्हणाले, "देऊ की. त्यात काय!" त्यांना त्यातलं काहीही कळत नव्हतं हे मला माहीत होतं, पण बोलायची सोय नव्हती. बिनबापाच्या पोरीचं एकदा मोडलं की दुसऱ्यांदा जमवायला कोण येतंय?

लढाईचे दिवस होते, कापड मिळत नव्हतं. मिळालंच तर सोलापुरात. आणि सोलापूर पडलं इंग्रजांकडे. मधे सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. नव्या कापडाची घडी दिसली की तिथला नाकेदार अडवायचा. पण आमच्याकडच्या लोकांनी त्यावर उपाय शोधला होता. नवं कापड अंगावर घालूनच यायचं. अंगावरच्या कपड्याला जकात कुठली? सोलापूरला जाताना सडसडीत दिसलेल्या बायका येताना तीन-तीन लुगडी नेसून गरगरीत होऊन येत. आमची मामी एकदा चार नेसली आणि मोटारीच्या दारात अशी अडकली की क्लीनरनं आतून आणि मामांनी बाहेरून जोर लावला तेव्हा सुटली.

तर लग्नाच्या आदल्या दिवशी मामा सोलापुरात. दुकानं धुंडाळून थकले. शेवटी एका दुकानात दारालाच त्यांना पाहिजे होतं ते टांगलेलं दिसलं. कोट आणि पाटलोण, दोन्ही एका कापडाचे. पट्ट्याला पट्टा जुळलेला. काठाला गोट. असे दोन होते. एक नवरदेवाला आणि एक मानाचा म्हणून नवरदेवाच्या थोरल्या भावाला, असा हिशेब करून मामांनी दोन्ही घेतले. पाटलोणीला कमरपट्ट्याऐवजी नाडी पाहून तर ते खूशच झाले. मामीला नंतर म्हणाले होते, "म्हणलं, साहेबानं आपली सोय बगूनच शिवलंय." दुकानदाराला त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर खेडवळ दिसलो असतो ना! दुकानाच्या मागं जाऊन दोन्ही पोशाख एकावर एक चढवले, धोतर पिशवीत घातलं आणि ऐटीत मोटारीत बसले.

नाक्यावरचे नाकेदारसाहेब म्हणजे जुनं खानदानी माणूस. शेरवानीची वरची गुंडी जेवतानाही सोडायचे नाहीत म्हणे. बांगड्यांच्या पेट्यांमुळे मामांची आणि त्यांची चांगली ओळख. मामा मोटारीतून उतरले तसं साहेबांनी एकदा पाहिलं आणि पटकन मान फिरवली. परक्या बाईला न्हाताना पाहिल्यावर फिरवावी तशी.

"अरे मियाँ," साहेब भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "ये क्या पहनके निकले? घर कू आग लगी क्या?"

मामांना वाटलं, जकात चुकवली ते पकडलं. ते शपथा घ्यायला लागले, अंगावरचेच कपडे आहेत म्हणून. साहेबांनी त्यांना आत नेलं, दार लोटलं आणि हळू आवाजात समजावलं की हा पोशाख झोपायचा आहे. साहेबलोक यात निजतात. यात ते आपल्या नोकरासमोरही येत नाहीत.

सोलापूरकडे परत जाणारी मोटार निघून गेली होती. वऱ्हाड दिवस मावळायला तुळजापुरात पोचणार होतं. "साहेब," मामांनी हात जोडले, "हे तुमाला ठावं आन मला ठावं. तिसऱ्याला कळलं तर माज्या पोरीचं लगीन मोडंल." साहेब म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. पण कुणी विचारलं नाही तर सांगणारही नाही." मग त्यांनी जकातही घेतली नाही. झोपेवर कर लावायचं कलम त्यांच्या पुस्तकात नव्हतं. उपकाराच्या भरात आमच्या शहाण्या मामांनी त्यांना लग्नाचं आवतण देऊन टाकलं!

घरी आले ते थेट माझ्यापुढं. मी हळदीच्या अंगानं बसले होते. त्यांचा तो अवतार पाहून मला हसू आलं. पण मामांचे डोळे भरलेले होते. "बाये, माज्या हातनं लई मोटा घोळ झालाय," म्हणाले आणि सगळं सांगितलं. "संसार तुजा हाय. तू म्हन, म्या आत्ता सामोरं जाऊन त्यांच्या पाया पडतो. न्हायतर हेच देऊ?" सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या लग्नातलं काही विचारणारा माणूस त्या काळी मी दुसरा पाहिला नाही. मला रडूही येत होतं आणि त्या पट्ट्यांकडे पाहून हसूही आवरत नव्हतं. मी म्हटलं, "मामा, हेच द्या. पण हसू नका."

"हसतंय कोन!" मामा म्हणाले. मग बराच वेळ डोकं खाजवत बसले आणि एकदम उठले. "एकट्या नवऱ्याच्या अंगावर दिसलं तर लोक हसतील. दोगांच्या अंगावर दिसलं तर रीत वाटंल." नवरदेवाच्या भावाला फेटा आणि उपरणं देऊन गप्प केलं, आणि दुसरा पोशाख मामांनी स्वतः घातला. अशा रीतीनं माझ्या लग्नात नवरदेव आणि वधूचा मामा, दोघं बँडवाल्यांसारखे एका पोशाखात उभे होते. बोहल्यावर मला अंतरपाटाच्या खालून फक्त निळे पट्टे दिसत होते. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि मी ओठ दातांत धरून उभी होते. लोकांना वाटलं, पोरीला मामाचा वियोग सोसेना.

नाकेदारसाहेब खरंच आले. कडक शेरवानी, रुमी टोपी. सरकारी माणूस म्हणून त्यांना नवरदेवाशेजारी बसवलं. आमच्या सासऱ्यांना तर आभाळ ठेंगणं झालं. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "साहेब, आमच्या मुलाचा पोशाख कसा काय वाटतो?" मामांनी एकाच पाहुण्याच्या हाताला तीनदा अत्तर लावलं. साहेबांनी माझ्या नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बहोत आरामदेह. इसमें आदमी कू बड़ा सुकून मिलता है." सासरे खूश! पुढं वर्षभर ते ज्याला त्याला सांगत होते की सरकारनं पोशाख नावाजला.

लग्न पार पडलं तसा मामांनी तो पोशाख पेटीत टाकायला हवा होता की नाही? पण नाही. त्यांनी मनाशी पक्कं केलं की आपण तो सोडला आणि जावयाला कधी काळी कळलं की ही निजायची कापडं आहेत, तर त्याची लाज जाईल आणि राग माझ्यावर निघेल. म्हणून मामा रोज तोच घालून दुकानावर बसायला लागले. दुकानावर, बाजारात, मर्तिकाला, बारशाला. देवळात जाताना तेवढं सोवळं. लोकांनी नाव ठेवलं पट्टेरी कासार. मामा हाकेला ओ देत. हैदराबादेहून शिकून आलेला एक पोरगा चारचौघांत म्हणाला, "अहो मामा, हे तर रात्रीचे कपडे!" मामांनी काकणावरची नजरही हलवली नाही. "हैद्राबादेत घालत असतील रात्री. तितं दिवसा काम कोन करतंय?"

पोशाख विरला तेव्हा तसलं कापड मिळेना. मामांनी शिंप्याकडून गादीच्या खोळीच्या कापडाचा शिवून घेतला. तो इतका जाड होता की मामा बसले तरी पायजमा उभाच राहतोय असं मामी म्हणायची. बिचारीनं खूप सोसलं. पण दोन वर्षांत त्या शिंप्याकडे आणखी तिघांनी तसाच शिवायला टाकला. त्या दिवशी मामा मुद्दाम तेरला आले, हे सांगायला. मला आडबाजूला घेऊन म्हणाले, "पडली बग रीत. आता कुनाच्या बापाला भ्यायचं काम न्हाय."

आता खरी गंमत सांगते. माझ्या नवऱ्याला हे सगळं लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. साहेबांनी पोशाखाची जी तारीफ केली, ती ऐकून मास्तरांना शंका आली. निरोप देताना त्यांनी साहेबांना उर्दूत सरळ विचारलं. आणि विचारल्यावर खोटं बोलायचं नाही हा साहेबांचा नेम! मला हे यांनी लग्नानंतर चारेक महिन्यांनी, तेरणा नदीच्या काठानं चालत असताना सांगितलं. मी घाबरून उभीच राहिले. हे म्हणाले, "बाबांना तेव्हाच सांगितलं असतं तर तुला मांडवातच सोडून त्यांनी वऱ्हाड परत नेलं असतं. पण समोर तुझे मामा तोच पोशाख घालून अत्तर लावत फिरत होते. भाचीसाठी एवढी लाज गिळणाऱ्या माणसाचं घर सोडायचं नाही, असं मी ठरवलं." आणि मला शपथ घातली, मामांना सांगायचं नाही. आपण जावयाची फजिती केली हे कळलं तर म्हातारा खचेल. म्हणून तुळजापूरला जायचं झालं की हे आठवणीनं पट्टेरी पोशाख घालत. हे घालतात म्हणून मामांना तो सोडवेना. मामा सोडत नाहीत म्हणून यांना सोडवेना. दोन शहाणे पुरुष, आणि दोघांच्या मधे तोंडाला कुलूप लावून मी! सांगायचं कितीदा ओठांवर आलं. पण गावभर हसं करून घेतलेल्या माणसाला ते सगळं फुकट गेलं म्हणून कसं सांगायचं? मला नाही जमलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं. नाकेदारसाहेब नोकरी संपवून लेकीकडे हैदराबादेला निघाले. जाताना मामांच्या दुकानावर थांबले. "मियाँ, आज भी?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "साहेब, जावई हाय तवर." साहेबांनी मामांना मिठी मारली, भर रस्त्यात, त्या कडक शेरवानीनिशी. जावयाला कळलंय का, हे मामांनी विचारलं नाही. म्हणून साहेबांनी सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षभरातच मामांनी अंथरूण धरलं. निरोप आला तशी मी पुढं निघून आले, हे शाळा सुटल्यावर येणार होते. मामा अंथरुणातही त्याच पट्ट्यांत होते. इतक्या वर्षांत तो पोशाख पहिल्यांदाच आपल्या जागी होता, असं माझ्या मनात आलं आणि मला एकदम भरून आलं. हात बारीक झाले होते. मी त्यांच्याजवळ बसले तर त्यांनी मला आणखी खाली वाकायला लावलं.

"बाये, खरं सांग. जावईबापूला कळलं तर न्हाय?"

"न्हाय मामा," मी म्हटलं. "अजून न्हाय."

त्यांनी सुस्कारा सोडला. "मग झालं. आता मला धोतर नेसवा. लई वर्सं झाली."

मी डोळे पुसत मान वर केली तर हे दारात उभे. तेरहून नुकतेच आलेले, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा कोट, कडक इस्त्रीचा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मामीनं पेटीतून धोतर काढून दिलं ते यांनी तिच्या हातून घेतलं, जमिनीवर गुडघे टेकले आणि एकेक निरी घालायला लागले. मामा कासावीस झाले. उठायला बघायला लागले.

"मास्तर, तुमी नका वो," ते म्हणाले. "तुमचा चांगला पोशाख चुरगळंल."