शुभेच्छुकांच्या रांगेतला चेहरा

मंचरच्या चौकात आमचा फ्लेक्स लागला होता, म्हणून चौक आमचा. कायदा इतका साधा आणि इतकाच मूर्ख. घोड नदीच्या पुलापर्यंत आमची हद्द, पुलापलीकडे वारूळवाडीच्या ग्रुपची. आधी ही सगळी पोरं गाड्या घेऊन गडांवर फिरायला जायची. मग हायवेला जमिनी गेल्या, घरोघरी नव्या गाड्या आल्या, काळे टी-शर्ट आले आणि एकमेकांच्या चौकात जाऊन सायलेन्सर फोडायचा धंदा सुरू झाला. त्याला आम्ही मर्दानगी म्हणायचो.

मी निरगुडसरचा. गाडी मला धड यायची नाही, पण कॉलेजात पत्रकं लिहून हात बसला होता, म्हणून फ्लेक्सचं काम माझ्याकडे. वर वाढदिवसवाला गॉगल घालून, खाली शुभेच्छुकांचे बारके चेहरे, प्रत्येकाखाली नाव-गाव. पुलापलीकडचे लोक ते चेहरे मोजायचे. चेहरे घटले की ग्रुप आटला, अशी बोंब व्हायची.

माझ्या खोलीत राहणारा मित्र भीमाशंकरकडचा, डोंगरातला. घरी भाताची खाचरं. पोलीस भरतीसाठी तो मंचरला आलेला. मैदानी निघाली, लेखी निघाली, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. वयात बसणारी त्याची ही शेवटची भरती.

"माझा फोटु नको टाकू राव," तो म्हणाला. "मी तुमच्यात न्हाई."

"अरे नुसतं थोबाड रे. तेविसाचे चोवीस व्हत्यात. तुला कोण वळखतंय?"

टाकला. विचारून नाही, हसून टाकला.

आमच्या म्होरक्याच्या वाढदिवसाची रॅली पूल ओलांडून वारूळवाडीत घुसली तेव्हा मी मागच्या सीटवर होतो. कुणीतरी त्यांचा फ्लेक्स फाडला. दगड सुरू झाले. एका मारवाडी काकांच्या कापड दुकानाची काच गेली, वारूळवाडीच्या एका पोराचं डोकं फुटलं. मी सीटवरून उतरलोसुद्धा नाही. त्या वेळी मित्र रोजच्या सवयीने मंचरच्या मैदानावर धावत होता.

संध्याकाळी हवालदार आमच्या चौकात आले. कुणाला काही विचारलं नाही. फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि वहीत नावं उतरवून घेऊ लागले, डावीकडून उजवीकडे. चोवीसच्या चोवीस आरोपी. पुरावा आम्हीच छापून, बांबूला बांधून ठेवला होता.

मी ठाण्यात गेलो. "साहेब, तो तिथं नव्हताच. फोटो मी टाकला."

"नाव खरं हाय ना? गाव खरं हाय ना? मग बाकीचं कोर्टात सांग, लेखक."

दोन हवालदार हसले. पडताळणीत गुन्हा निघाला आणि मित्राचं नाव यादीतून कटलं.

पुढे निवडणूक आली. दोन्ही ग्रुपचे म्होरके एकाच जीपमधून हात जोडत फिरले, एकाच हॉटेलात मिसळ खाल्ली. हद्द गेली कुठे मग? ज्यांच्यासाठी डोकी फुटली त्यांची दिलजमाई अर्ध्या तासात झाली. खटला मात्र आहे तिथेच आहे. तारखेला कोर्टात उभी राहतात ती रांगेतली बारकी थोबाडं. आज मी ह्या ग्रुपांच्या विरोधात पत्रकं वाटतो, तेव्हा लोक म्हणतात, तूच तर लिहायचास की. खरं आहे. मीच लिहायचो.

मित्राच्या घरी मी गेलो ते सगळं सांगून टाकायचं म्हणून. त्याची आई खाचरात वाकून भाताची रोपं लावत, आवणी करत होती. मला बघून चिखलाचे हात तसेच घेऊन बांधावर आली.

"पावणं, तुमी शिकलेलं. ह्याला वर्दी कवा मिळायची?"

मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आत शेजारी उभा मित्रच बोलला, "पुढल्या वर्षी, आये."

"मंग बरं," ती म्हणाली आणि पुन्हा खाचरात उतरली.