मामांच्या बोटांचा आलेख

आरसेमामांनी घासलेल्या पोलादाच्या तुकड्यात आपल्या पापण्यांचे केस मोजता येतात. तुकडा केवढा, तर शर्टाच्या बटणाएवढा. असे तुकडे त्यांनी सव्वीस वर्षं घासले, आणि सव्वीस वर्षं त्यांच्या कागदावर ‘हंगामी’ हाच शब्द राहिला. एक हंगाम किती वर्षांचा असतो, हे मी त्या संशोधन संस्थेच्या तीन संचालकांना विचारून पाहिलं. पहिला हसला. दुसऱ्याने फाइल मागवली. तिसऱ्याने मला पहारेकऱ्याकरवी बाहेर काढलं, आणि तो पहारेकरीही हंगामीच होता.

आमची कामगार युनियन आठ वर्षं भांडली तेव्हा कुठे अकरा जणांना कायम करायचं ठरलं. यादीत मामांचं नाव सातवं. आता एकच कागद उरला होता: विभागप्रमुखाने लिहून द्यायचं की हा माणूस आपल्या कामात कुशल आहे. मी म्हटलं, हे तर सूर्याला दिवा दाखवण्यासारखं काम. मामांच्या हाताबद्दल शंका घेणारा माणूस त्या इमारतीत जन्मायचा होता.

तो हात काय करायचा, ते आधी सांगते. अणुभट्टीतला धातू वर्षानुवर्षं कणांचा मार खातो आणि आतून पोखरत जातो. किती पोखरेल ते आधीच कळावं म्हणून या संस्थेत मोठ्या यंत्रातून कणांचा झोत सोडतात आणि तीस वर्षांचा मार धातूला दोन दिवसांत देतात. मग असे दोन तुकडे घेऊन त्यांच्यामध्ये किरणोत्सारी सोडियमचा ठिपका ठेवतात. हा सोडियम म्हणजे मिठातल्या सोडियमचाच तापट भाऊबंद. त्यातून निघालेला कण धातूत शिरतो आणि लगेच मरतो. पण जिथे एखादा अणू जागेवरून उडालाय, असा रिकामा खड्डा मिळाला तर तिथे तो जरा जास्त जगतो. त्या जास्तीच्या जगण्यावरून खड्डे किती ते कळतं. मला हे मामांनी टपरीवर चहा पिताना समजावलं होतं. “ताई, रिकामी खोली दिसली की भाडेकरू कसा घुटमळतो, तसं.”

पण तुकडा घासतानाही खड्डे पडतात. जोर जास्त झाला की वरून आरसा दिसतो आणि आरशाच्या खाली धातू चेचलेला असतो. म्हणून पूर्वी घासून झाल्यावर तुकडा आम्लात बुडवून वरचा थर काढून टाकायचे. मामा लागले त्याच्या चौथ्या वर्षी विभागप्रमुखांनी, म्हणजे सगळे ज्यांना नुसतंच ‘सर’ म्हणतात त्यांनी, ते बंद केलं. आम्लाचे परवाने, आम्लाची कोठी, आम्लाचे अहवाल, कोण करत बसणार? “मामांचा हात आहे, आम्ल कशाला?” असं ते म्हणाले. मोजून पाहिलं तर खरंच फरक पडत नव्हता. बाहेरचे पाहुणे आले की सर हे वाक्य मिरवायचे. पुढे मोजून पाहणंही बंद झालं.

यंदा एका पोरीचं काम अडलं. पीएच.डी.चं पाचवं वर्ष. मामा तिला पदवीच्या आधीपासूनच ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचे. तिच्याकडे मार खाल्लेले तुकडे होते आणि तुलनेसाठी कोरे तुकडे होते, ज्यांना झोताने शिवलंही नव्हतं. कोरे म्हणजे कोरे. आणि तिच्या कोऱ्या तुकड्यांत खड्डे निघत होते.

दोन महिने यंत्राला शिव्या बसल्या. यंत्र उघडलं, बंद केलं. सोडियमचा ठिपका बदलला. पोलाद पुरवणाऱ्या कारखान्याला पत्र गेलं, त्यांचं उलटून उर्मट पत्र आलं. डॉक्टरीणबाईचे डोळे खोल गेले. सर म्हणायचे, “परत मोज.” ती परत मोजायची. एका जोडीला दीड दिवस लागतो.

त्याच दिवसांत एका दुपारी मामा आमच्या युनियनच्या खोलीवर आले. टायरच्या दुकानावर आहे ती. जिना चढून आले, बसले आणि उजवा हात टेबलावर ठेवला, कोणीतरी दुसऱ्याने विसरलेली वस्तू ठेवावी तसा.

“ताई, टाचणी आहे?”

टाचणी दिली. त्यांनी ती आपल्या तर्जनीच्या टोकात खुपसली आणि माझ्याकडे बघत राहिले. रक्ताचा थेंब आला. चेहरा हलला नाही.

“कधीपासून?”

“चार वर्षं. आधी बोटं झोपल्यासारखी व्हायची, मुंग्या यायच्या. थंडीत बोटं पांढरी पडायची. आता तीन बोटं गेलीच.”

मी उठून उभीच राहिले. “किरणांनी?”

“किरणं कुठली! छातीवरचा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासतात, त्यात कधी काही निघालं नाही. चकतीनं गेलीत. सव्वीस वर्षं फिरत्या चकतीवर बोटानं तुकडा दाबायचा. ती थरथर हाडात जाते.”

खरं सांगते, माझी निराशा झाली. किरणं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी पत्रकार दारात उभे असते. चकतीला कोण विचारतो? मी तसं बोलूनही गेले. “मामा, किरणांनीच गेली असं म्हणायचं का? कोण तपासतंय?”

“मी तपासतोय ना,” मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. मलाच खाली बसावंसं वाटलं.

मग खरी गोष्ट बाहेर आली. बोटाला कळत नाही म्हणून ते तुकडा जास्त दाबतात. पूर्वी चकतीवर तुकडा कधी ‘गुळगुळीत बोलायला लागतो’ ते बोटाला कळायचं. आता डोळ्यांनी आरसा बघायचा आणि थांबायचं. डॉक्टरीणबाईच्या कोऱ्या तुकड्यातले खड्डे यंत्राचे नव्हते की कारखान्याचे नव्हते.

“कुणाला बोललात?”

“मामीला.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता.”

“बरोबर म्हणाली. सही होईपर्यंत तोंड शिवून घ्या. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे.”

“तीन आठवड्यांत डॉक्टरीणबाईची मुदत संपते.”

“तिला मुदत वाढवून मिळेल. तुम्हाला सव्वीस वर्षं परत मिळणार आहेत का?”

मामांनी टाचणी पुसून डबीत ठेवली. “बरं,” म्हणाले. हे ‘बरं’ मी ओळखते. माहेरी जाऊ नको म्हटल्यावर बायको नवऱ्याला म्हणते तसलं ते ‘बरं’.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरांच्या खोलीत गेले आणि सांगून मोकळे झाले. मला डॉक्टरीणबाईकडून कळलं. ती म्हणाली, मामा बोलत होते आणि सर पेन उघडत होते, बंद करत होते. बोलून झाल्यावर सरांनी विचारलं, “चार वर्षं?” मामा म्हणाले, “तीन तर नक्की. चौथ्याचं मला खात्रीनं सांगता येत नाही.” असा माणूस. कबुलीसुद्धा मोजून.

त्याच आठवड्यात जुनी आम्लाची वाटी धुऊन काढली. कोरा तुकडा बुडवला, वरचा थर गेला आणि खड्डे गायब. डॉक्टरीणबाई रडली. हलकं वाटून रडली की रागाने, ते तिलाही नीट सांगता आलं नाही. “मामा, आधी का नाही बोललात?” एवढंच ती म्हणाली. 

यादी गेली. दहा नावांची.

मी सरांच्या खोलीत कशी शिरले ते लिहीत नाही. सरही थकलेले होते. निवृत्तीला सहा महिने, केस विस्कटलेले, टेबलावर गोळ्यांचं पाकीट. म्हणाले, “मी खोटं कसं लिहू? त्यांनी स्वतः सांगितलंय.”

“आम्ल कोणी बंद केलं ते लिहा की.”

“तो प्रशासकीय निर्णय होता.”

“असं का? तुमची चूक तो निर्णय आणि त्याची चूक ती चूक!”

त्यांनी गोळ्यांचं पाकीट खणात सरकवलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. दहा जणांच्या घरी त्या दिवशी आनंद होता, आणि त्यांच्यापैकी दोघंच मामांना भेटायला गेले. बाकीच्यांना काय बोलणार? गरज सरो, वैद्य मरो. मीही कितीदा मेले आहे.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाई आमच्या जिन्याने वर आली. हातात कागद. संस्थेत दर वर्षीचे काही कोरे तुकडे कोरड्या कपाटात जपून ठेवतात, कागदी पाकिटात, वर तारीख आणि घासणाऱ्याच्या नावाचं अक्षर. तिने मागच्या सहा वर्षांचे काढून मोजले होते. आधीची दोन वर्षं स्वच्छ. मग खड्डे चढत गेलेले, वर्षागणिक.

“हे मामांच्या बोटांचं दुखणं आहे,” ती म्हणाली. “डॉक्टरकडे याची नोंद नाही, पण पोलादात आहे. कामामुळे हात गेला याचा दावा लावता येईल ना?”

मी कागद तिच्या हातातून घेतला. आठ वर्षं मी कागद गोळा करतेय, आणि कागद कपाटात पोलादाच्या रूपात पडून होते.

आम्ही दोघी मामांकडे गेलो. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेला कामाचा डगला. मामीने चहा टाकला. मामांनी आलेख हातात घेतला, चष्मा लावला, चढत जाणाऱ्या रेषेवरून अंगठा फिरवला.

“हे कोण कोण बघणार?”

“कामगार अधिकारी. त्यांचा डॉक्टर. संस्थेचा वकील,” मी म्हटलं.

“म्हणजे माझं बिघडलेलं काम चव्हाट्यावर मांडणार.”

“बिघडलेला हात मांडणार, मामा.”

“काम आणि हात वेगळे असतात होय?” त्यांनी आलेख उलटा करून ठेवला. “नको.”

मी भडकले. “अहो, चूक सांगायला तर धावत गेलात! हक्क सांगायची वेळ आली की लाज वाटते?”

मामी आतून बोलली, “ताई, ओरडू नका. त्यांच्या कानांना काही झालेलं नाही.”

डॉक्टरीणबाई हसली, मग मामीही. मामा नाही.  मामीने कप उचलले. मग मामांनी आलेख पुन्हा सुलटा केला.

“सहाच वर्षं का?”

“तेवढीच गरज होती,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

“मग मी सहा वर्षांचाच कामगार झालो की. बघणारा म्हणेल, ह्याला येत होतं कधी?” त्यांनी रेषेच्या डाव्या बाजूच्या कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. “आम्ल बंद झालं तिथपासूनचे सगळे मोज. त्याच्या आधीचे नको, ती आम्लाची पुण्याई. मग लावा दावा.”

म्हणजे आणखी सोळा वर्षं. एकेका जोडीला दीड दिवस, पंचवीसेक दिवसांचं यंत्र. आणि तिचा प्रबंध डोक्यावर. मी मध्ये पडणार होते, पण पोरगी म्हणाली, “बरं.” हे ‘बरं’ मात्र खरं निघालं. तिने मोजलं. सरांनी यंत्राच्या वहीवर सही केली, कशासाठी मोजतेस हे विचारलं नाही. हा माणूस एवढंच करू शकत होता आणि तेवढं त्याने केलं. माझं त्याच्यावरचं मत यामुळे बदललेलं नाही.

सुनावणी गेल्या महिन्यात झाली. कामगार अधिकारी तरुण होता, सर्दी झालेली, रुमाल मांडीवर. संस्थेचा वकील म्हणाला, हा आलेख अकुशलतेचा पुरावा आहे. मी उठायला लागले तर मामीने माझा पदर धरला.

अधिकाऱ्याने आलेख डोळ्यांजवळ नेला. “शेवटी चढण दिसतेय. पण ही त्याच्या आधीची एवढी लांब सपाट रेघ कशाला काढलीय? इथे तर काहीच घडलेलं नाही.”

मामा उभे राहिले. “नाही घडलं, साहेब. अठरा वर्षं काही घडू दिलं नाही.”

अधिकाऱ्याने नाक पुसलं, वकिलाकडे पाहिलं, मग परत रेघेकडे. हाताची तपासणी करून घ्या असं लिहून दिलं आणि दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. वकिलाने हरकत नोंदवली. तीही लिहून घेतली.

दावा मिळेल का, मला माहीत नाही. मी असे दावे जिंकलेले आहेत आणि माणूस गेल्यावर जिंकलेलेही आहेत. जिना उतरताना मामा डावा हात कठड्यावर ठेवून चालत होते, आणि मामी त्यांना विचारत होती की तपासणीला उपाशीपोटी जायचं असतं की जेवून.

“ताईला विचार,” मामा म्हणाले.

मलाही माहीत नव्हतं. मी परत वर गेले आणि विचारून आले.