बस, एवढंच?

ती घटना आजही आठवली की मला माझाच राग येतो.

पोलिसातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी सौदीत, हफ्र अल बातिनजवळच्या एका कामगार कॅम्पवर सुरक्षा अधिकारी झालो होतो. आखाती युद्ध तोंडावर होतं, विषारी वायूची धास्ती होती आणि मास्क सगळ्यांना पुरले नव्हते. अशात रजेवर बुरैद्याला गेलेल्या सुपरवायझरचा मास्क कपाटातून गेला. दुसऱ्याच दिवशी कॅम्पच्या न्हाव्याने खबर दिली. गुहागरकडच्या एका गवंड्याच्या खाटेखाली मुद्देमाल सापडला.

गवंड्याने लगेच कबुली दिली. शेजारच्या खाटेवरच्या दमेकऱ्याला मास्क मिळाला नव्हता, त्याच्यासाठी घेतला, साहेब परतले की ठेवणार होतो, म्हणाला. असल्या कहाण्या मी ठाण्यात पोत्याने ऐकल्या होत्या. जबाबात फक्त ‘घेतल्याचे कबूल’ एवढंच लिहिलं.

कॅम्पवर कोकणातली माणसं जास्त. त्यांची भांडणं जमातीचे पाच जण बसून मिटवत आणि कफील, म्हणजे आम्हाला आणणारा सौदी मालकही, तो निकाल मानी. चोर ठरला तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द, आणि गावात आयुष्यभर चोर.

दुपारच्या, असरच्या नमाजानंतर पंच मेसमध्ये बसले. तासाभराने त्यांच्यातले वयस्कर बावर्चीचाचा माझ्याकडे आले.

"साहेब, आमच्यात दोन मतं पडलीत. परत ठेवनार होता, तरी ती चोरी व्हते का? कायद्यात चोरी ठरायला काय काय लागतं?"

"दुसऱ्याची वस्तू, न विचारता उचलली. झाली चोरी."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

चोरीच्या कलमाची सुरुवातच बेइमानीच्या इराद्याने होते, हे मला तोंडपाठ होतं. पण इरादा कोर्टाने बघायचा, आपण मुद्देमाल बघायचा, ही ठाण्याची खोड. इथे ते पाच जणच कोर्ट होते, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

गवंडी आठवड्यात घरी रवाना झाला. मास्क सुपरवायझरच्या रिकाम्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद झाला, आणि दमेकरी भोंगा वाजला की ओला टॉवेल तोंडाला लावून बसायचा. सुपरवायझर परतल्यावर म्हणाला, मला विचारलं असतं तर मीच दिला असता.

मला राहवलं नाही. चाचांना गाठून ते कलम पूर्ण सांगितलं. ते कणीक मळत होते. हात थांबले.

"तिघं जन त्याला सोडा म्हनत होते," ते म्हणाले. "तुमचा कायदा ऐकून गप झाले."

मी म्हटलं, माझं चुकलं.

"म्हनून तर दोनदा विचारलं होतं, साहेब."

नोकरीत मी हजारो प्रश्न विचारले. मला विचारलेला एकच प्रश्न महत्त्वाचा होता, आणि त्याचं उत्तर मी अर्धं दिलं.